पॅराशूटाचो पॅच

तोंडवली, ता. मालवण
रविवार, दुपारची जेवणं आटोपून

प्रिय डॉमिंगो यांस,

(मायना काय लिहावा यावर पुष्कळ विचार केला. 'तीर्थरूप' म्हणावं तर तू माझ्याहून एका पावसाळ्याने मोठा. 'चिरंजीव' म्हणावं तर तुझे केस माझ्याआधी गेले. शाळेत ज्याच्या कोपराखालून गणितं उतरवली त्याला 'प्रिय' चालून जावं.) नमस्कार आणि देव बरें करूं. आम्ही उभयतां ठीक आहोत. सुगंधाचा गुडघा थंडीत बोलतो, पण तिच्याइतका नाही. तुझी साखर कशी आहे? क्लाराबाईंनी तुला भात बंद केला असं ऐकलं. इंग्लंडात राहून भात सोडायचा होता तर इथेच राहून सोडायचा होतास, निदान वास तरी आला असता. त्यांना माझा नमस्कार सांग. हे पत्र मात्र तू एकट्याने, बसून वाच.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. गंभीर गोष्ट फोनवर सांगता येत नाही. समोरचा मध्ये बोलतो.

तर मुद्दा असा. तू काम करतोस त्या वृद्धाश्रमातल्या हॉब्स साहेबांचा पॅच तू दिवाळीनंतर मला पाठवलास. फोटो काढून, मापं घेऊन, दोरा तपासून परत करीन असा मी तुला शब्द दिला आणि माझ्या शब्दावर तू त्या वृद्ध माणसाला आपला शब्द दिलास. ईस्टरनंतर त्यांच्या जुन्या क्लबवाल्यांचा मेळावा आहे, कदाचित शेवटचाच, आणि साहेब तो पॅच कोटाला लावून जाणार आहेत. यातलं काहीही मी विसरलेलो नाही. पॅच सुखरूप आहे. 'सुखरूप' या शब्दाची व्याप्ती पुढे वाचताना लक्षात येईल.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण आपण भेटलो की तू मासे, पगार आणि पोर्तुगीज पासपोर्ट यांवर बोलतोस आणि माझा विषय राहून जातो. लष्करातले काही लोक कामाचा भाग म्हणून विमानातून उड्या मारतात. ते मी सोडून देतो. ती नोकरी आहे. पण त्यातलेच काही जण सुट्टीच्या दिवशी, कोणी हुकूम दिलेला नसताना, हौसेने पुन्हा त्याच विमानात बसतात आणि पुन्हा उड्या मारतात. अशा हौशी लष्करी क्लबांचे छातीवर शिवायचे जे भरतकाम केलेले पॅच असतात, तेवढेच मी जमवतो. पलटणींचे नाही, विमानदळाचे नाही, मुलकी क्लबांचे तर नाहीच. (एकदा एका पुणेकराने मला मुलकी क्लबाचा पॅच लष्करी म्हणून पाठवला होता. मी तो साभार परत केला आणि सोबत त्याच्या चार चुका लिहून धाडल्या. त्याचं उत्तर आलं नाही.) सुरुवात कशी झाली ते तुला ठाऊक आहे: माझ्या दोरखंडाच्या दुकानात बेल्जियमचा एक पर्यटक सैनिक पिशवीचा तुटलेला पट्टा घेऊन आला, मी तो जाळ्याच्या दोऱ्याने असा शिवून दिला की त्याने खूष होऊन टोपीवरचा पॅच उसवून माझ्या हातात ठेवला. तो कशाचा हे समजून घेण्यासाठी मी शब्दकोश घेऊन इंग्रजी शिकलो. मालवणात कोणी शिकवणारा नव्हता. असता तरी त्याला हे आलं नसतं. आज मी कडेचा गोफ बोटाने चाचपून खरा-खोटा सांगतो. सगळे पॅच आमच्या लग्नाच्या अल्बमात लावले आहेत, कारण तसली जाड पानं हल्ली मिळत नाहीत. लग्नाचे फोटो पिशवीत नीट आहेत. हा विषय सुगंधापुढे काढू नकोस.

आता शब्दाकडे येतो, कारण सगळा घोळ शब्दाने केला. गावात या छंदाला 'ठिगळां' म्हणतात. शेजारचा बाबली तर मी रस्त्याने चाललो की ओरडतो, "काय रे दत्ता, ठिगळां किती जमली? एक माझ्या चड्डयेक दी!" हा अपमान माझा नाही, त्या क्लबांचा आहे. म्हणून मी घरात, दुकानात, देवळाच्या मीटिंगमध्ये, जिथे जाईन तिथे लोकांना सुधारत आलो: ठिगळ नव्हे, बिल्ला नव्हे, पॅच म्हणा. पॅराशूटचा पॅच. चिकाटीने केलं की लोक शिकतात. सुगंधा शिकली. तुझा भाचा मेल्रॉय तर इतका पक्का शिकला की झोपेतून उठवला तरी तो पॅचच म्हणेल.

मेल्रॉयने किनाऱ्यावर पॅरासेलिंगची बोट घातली आहे हे तुला माहीत आहे. (पर्यटकाला पॅराशूट बांधायचं, बोटीने ओढायचं, दोर सैल सोडला की तो वर, गुंडाळला की खाली. यात उडी कुठेही नाही. फरक मी त्याला समजावला आहे.) नाताळची गर्दी चालू असताना तो दुकानात धावत आला. "काका, पॅराशूटाक भोक पडला. पॅच आसा?" माझ्याकडे डागडुजीचं खास कापड असतं, वाऱ्याला न फाटणारं, मागे डिंक लावलेलं. त्याची गुंडाळी त्या दिवशी घरी होती. मी गिऱ्हाईकाला जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या मोजून देत होतो. मान वर न करता म्हणालो, "घराकडे टेबलार पाकिटात आसा. सुगंधाक सांग, पॅराशूटाचो पॅच दी म्हणान."

डॉमिंगो, त्या टेबलावर पाकिटं दोन होती. एक कोरं, त्यात कापड. दुसऱ्यावर मी स्वतः, लाल शाईने, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'पॅराशूट पॅच. अत्यंत महत्त्वाचे.'

मला हे कळलं तिसऱ्या प्रहरी, घरी जाऊन पाहतो तो कोरं पाकीट जागेवर आणि लिहिलेलं गायब. सुगंधा अंगणात बांगडे सुकत घालत होती. मी विचारलं. तिने बांगडा खाली न ठेवता सांगितलं, "दिलंय मां मेल्रॉयक. तुमीच सांगलास, पॅराशूटाचो पॅच दी. पाकिटार तुमच्याच अक्षरान ल्हिलेला. आता वाचूकय नको म्हणतास?" मी म्हटलं, अगो, तो जमवायचा पॅच. ती म्हणाली, "मगे तेका ठिगळ म्हणूक काय झाला होता? ठिगळ म्हटला असतास तर मी कशाक दिलंय असतंय?" यावर मी उत्तर देणार होतो, पण त्यात वेळ गेला असता. (उत्तर अजून तयार होत आहे.)

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पॅराशूट आकाशात होतं आणि त्याखाली कोल्हापूरकडच्या एक बाई देवाचं नाव घेत होत्या. बोट माणसं बदलायला काठाजवळ आली तसा मी गुडघाभर पाण्यात जाऊन मेल्रॉयला गाठलं. शांतपणे विचारलं. तो म्हणाला, "व्हय काका, शिवलंय. एकदम घट्ट! मामान इंग्लंडसून धाडलेलो, मिलिटरीचो, पॅराशूटाचो पॅच. हेच्यापेक्षा मजबूत मालवणात खंय गावतलो?" तर्क म्हणून पाहिलं तर यात चूक काढता येत नाही. मी म्हटलं, अरे, त्याच्यावर गॉगल लावलेलं गाढव आहे, ते तुला दिसलं नाही? (हॉब्स साहेबांचा क्लब सायप्रस बेटावरचा. तिथली गाढवं प्रसिद्ध आहेत असं वाचनात आलं. निळी जमीन, पांढरं पॅराशूट, खाली गाढव. अतिशय सुबक काम.) तो म्हणाला, "दिसला मां. माका वाटला कंपनीचो मार्को."

मी सांगितलं, पॅराशूट ताबडतोब उतरव. त्याने रांगेकडे बोट केलं. सांगलीची एक अख्खी बस उभी होती. "आता उतरवूक येवचा नाय काका. वारो बरो आसा, लोका थांबली आसत. काळोख पडाच्या आधी उतरयतलंय, तेव्हा बघा." मी म्हटलं, मला त्याची अवस्था आत्ताच पाहायची आहे, मिठाच्या वाऱ्याने दोऱ्याचा रंग किती झपाट्याने जातो हे तुला काय ठाऊक. तेव्हा तुझा भाचा, आणि हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलं आहे की हे रक्त तुमच्या बाजूचं, तो म्हणाला, "एवढी घाई आसा तर वर जावन बघा!" सांगलीची बस हसली. बाबली कुठून आला होता देव जाणे, तोही हसला आणि म्हणाला, "जा रे दत्ता! इतकी वर्सा ठिगळां बघलंस, आता आकाशात बघ!"

माणूस या विषयात इतकं वाचून असला की 'नाही' म्हणणं अवघड होतं. मी चप्पल काढली, खिशातला चष्मा आणि घरून आणलेलं कोरं पाकीट बाबलीकडे दिलं, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटवाल्याकडून दुर्बीण मागून गळ्यात अडकवली आणि बसलो. पट्टे मेल्रॉयने बांधले. मी पुन्हा तपासले. त्यातले दोन चुकीच्या क्रमाने बांधले होते, ते सोडवून पुन्हा बांधायला लावले. मग बोटीने वेग घेतला आणि माझे पाय फळीवरून उचलले गेले.

आता जी गोष्ट सांगतो ती कुठल्याही पुस्तकात दिलेली नाही. मला वाटलं होतं, वर गेलो की पॅराशूट जवळ येईल. पण मी जितका वर जात होतो तितकंच तेही वर जात होतं! बोटीवर असताना माझ्यात आणि पॅचात जेवढं अंतर होतं, तेवढंच माडांच्या वर गेल्यावरही होतं. हे साधं भूमितीचं सत्य मला अधांतरी लटकत असताना समजलं, आणि तिथून खाली उतरण्याचा माझ्या हाती काहीच उपाय नव्हता. (तू गणित नीट दाखवलं असतंस तर ही वेळ आली नसती.) बरं, दुर्बीण होती. मान मागे टाकून डोळ्याला लावली. पहिल्यांदा नुसतं ऊन, मग शिवण, मग निळा रंग, आणि मग स्पष्ट, ठसठशीत: गाढव. उलटं. पाय आभाळाकडे, गॉगल समुद्राकडे. डॉमिंगो, भोक पडणं, हरवणं, डाग लागणं, हे समजू शकतो. माणसाच्या हातून होतं. पण ज्याला खाली-वर असतं अशी वस्तू उलटी शिवणं, आणि तीही आकाशात, जिथे खाली काय आणि वर काय हाच मुख्य प्रश्न असतो, हे मला फार लागलं.

आता दुसरं काही करण्याजोगं नव्हतं म्हणून दुर्बीण खाली केली. आपली तोंडवली वरून इतकी अरुंद आहे याची मला कल्पना नव्हती. एकीकडे दर्या, दुसरीकडे खाडी, मध्ये माडांची एक वेणी, आणि त्यात आपण सगळे एवढा आवाज करून राहतो. वर आवाज मुळीच नाही. इंजिन ऐकू येत नाही, बाबली ऐकू येत नाही. आमच्या अंगणात पांढरे ठिपके दिसले ते बांगडे असावेत, आणि त्यांच्या कडेला एक हिरवा ठिपका उभा होता तो सुगंधा असावी, कारण तो कमरेवर हात ठेवून वर पाहत होता. मला पॅचाचा, तुझ्या शब्दाचा, साहेबांच्या मेळाव्याचा, सगळ्याचा थोडा वेळ विसर पडला. हे कबूल करायला हरकत नाही. मग दोर गुंडाळू लागले आणि मेल्रॉयने शेवटी पर्यटकांना बुडवतात तसं मला कमरेपर्यंत समुद्रात बुचकळून काढलं. ते मी सांगितलेलं नव्हतं.

बस सांगलीच्या वाटेला लागल्यावर पॅराशूट वाळूवर उतरलं. मी कात्री काढली तसा मेल्रॉय आडवा आला. थट्टा संपली होती. म्हणाला, "काका, हात लावू नकात. उद्या सकाळी माणसां वर जातली. तेंचो जीव आसा त्या पॅचार." तो म्हणत होता ते खोटं नव्हतं, फक्त भरतकामावर माणसांचा जीव टांगायचा नसतो एवढंच त्याला ठाऊक नव्हतं. मी तिथेच वाळूवर बसलो, कोऱ्या पाकिटातलं खरं कापड भोकाला वरच्या बाजूने लावलं, कडेने दुहेरी टाके घेतले आणि त्याला हाताने ओढून पाहायला सांगितलं. त्याने ओढलं, मग बाबलीने ओढलं, मग दोघांनी मिळून ओढलं. तेव्हा कुठे तो बाजूला झाला.

उसवायला मात्र मला येईना. शिवलेला दोरा माझ्याच दुकानातला होता आणि टाका मीच मेल्रॉयला शिकवलेला, काही केल्या न सुटणारा. शेवटी सुगंधा कंदील-बॅटरी घेऊन आली, सुई घेतली आणि माझ्या हातून पॅच काढून घेत म्हणाली, "तुमी सरा. तुमी शिवतास बरा, पण सोडूक तुमका कधी जमला नाय." तिने एकेक टाका असा सोडवला की मूळ भरतकामाचा एकही धागा ओढला गेला नाही. मी पाहत होतो. मी इतक्या जवळून तिचं काम पूर्वी पाहिलं नव्हतं असं वाटलं, आणि बॅटरी तिच्या हाताजवळ धरली.

तेव्हा पॅचाची आजची स्थिती, जशी आहे तशी: निळा रंग एका बाजूने फिका झाला आहे. गाढवाच्या मागच्या पायाजवळ डिंकाचा डाग आहे, शेंगदाण्याएवढा. कडेला नवी भोकं आहेत, ती मोजली असून लिहीत नाही. वास आहे. सुगंधा रिठ्याने धुऊ या म्हणते. मी धुऊ दिलेला नाही, कारण वास जाईल पण रंगही जाईल. उद्या तो या पत्रासोबत रजिस्टर करून पाठवत आहे. मेळाव्याच्या आत पोचेल. तू साहेबांना ही हकिकत सांगावी की सांगू नये, हे तुझ्यावर. पण सांगणार असशील तर इतकंच सांग की हवामानाने रंग किंचित उतरला. हे खोटं नाही. तो हवेतही होता आणि मानानेही होता.

क्लाराबाईंना पुन्हा नमस्कार. भाताचं पाहा काहीतरी.

तुझा,
दत्तप्रसाद खोबरेकर

ता.क. सोमवारी पोस्टातलं मशीन बंद होतं म्हणून पत्र राहिलं. ते बरंच झालं. काल रात्रीच्या जेवणाला मी हे पत्र सुगंधाला वाचून दाखवलं (तिचा उल्लेख आहे म्हणून, परवानगी नव्हे). ती मध्यावर हसू लागली ती शेवटपर्यंत. मग तिने सांगितलं की ज्या दिवशी मी वर गेलो त्याच संध्याकाळी मेल्रॉयने काढलेला व्हिडिओ तिने क्लाराबाईंना पाठवला होता, क्लाराबाईंनी तो तुला दाखवला, तू तो आश्रमातल्या मोठ्या टीव्हीवर लावलास, आणि हॉब्स साहेबांनी तो पुन्हा लावायला सांगितला. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं! एवढे दिवस मी शब्द जुळवत बसलो आणि तू नाताळापासून गप्प! मित्र म्हणून हे बरं नव्हे. शिवाय त्या व्हिडिओत जो आवाज ऐकू येतो तो माझा नसून वाऱ्याचा आहे, हे साहेबांना स्पष्ट कर. वारा कधी कधी 'आयशप्पत' असा येतो.

ता.क. २. साहेब काय म्हणाले ते आज क्लाराबाईंकडून सुगंधाला आणि सुगंधाकडून मला कळलं. ते जन्मात कधी पॅराशूटने उतरलेच नाहीत म्हणे! क्लबाच्या कोठारात पॅराशूटं वाळवणं, मोजणं आणि घड्या घालणं हे त्यांचं काम, कारण शिडीवर चढलं तरी त्यांना घेरी येते. मला याचा धक्का बसला, पण दोष तुझा नाही; तू फक्त 'क्लबातले' असं लिहिलं होतंस, उड्या मी माझ्या मनाने घातल्या. तर त्यांचा निरोप असा की इतकी वर्षं तो पॅच कपाटात होता, तो पहिल्यांदाच वर गेला, आता त्याला परत खाली कशाला आणता. पुन्हा पॅराशूटालाच शिवून टाका, फोटो पाठवा, मेळाव्यात फोटोच दाखवीन म्हणाले. त्याप्रमाणे आज सकाळी शिवला. नव्या कापडावर, भार न येणाऱ्या जागी, आणि गाढव सरळ. फोटो सोबत आहे. तेव्हा या पाकिटात पॅच नाही, शोधू नकोस.

ता.क. ३. आता ज्यासाठी हे पत्र पाठवतो आहे ते. कोठारात काम केलेल्या माणसाकडे चार-दोन नग जादा राहिलेले असतातच. मी दुकानदार आहे, मला माहीत आहे. क्लबाचा पॅच फक्त पॅराशूटने उतरलेल्याला देत, असं मी वाचलं आहे, आणि मी नियमाबाहेर काही मागणार नाही. वर जाताना ती उडी नव्हती हे मी लेखी मान्य करतो. पण खाली येताना मी पॅराशूटखालीच होतो आणि त्याला सांगलीची बस साक्षीला आहे. साहेबांना नीट, वेळ बघून विचार. हो म्हणाले तर मात्र एक नको, दोन माग. काल सुगंधाही वर जाऊन आली. ती उतरायला तयार होईना, "अजून सोड रे, अजून," असं वरून ओरडत राहिली, आणि शेवटी मेल्रॉयला खालून ओरडून सांगावं लागलं, "काकी, दोर संपलो!"